धूर पुरायची जागा

आमच्या चंद्रपुरात पांढरी साडी कोणी हौसेने घेत नाही. घेतलीच तर बाहेरगावच्या लग्नासाठी. दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकायचे आणि मग घडी घालायची, ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की पुण्याच्या नणंदेकडे गेले तरी मी झटकते आणि ती हसते. कोळशाच्या खाणी, कोळशाच्या गाड्या, कोळशाची वीज आणि शेवटी उरलेली राख, एवढ्यावर आमचं गाव चालतं. चालतं म्हणजे पगार होतात. श्वासाचं ज्याचं त्याने बघावं.

अशा गावात जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली मी बाई भर मे महिन्यात वाशिम जिल्ह्यात कशाला गेले, तर आमचा धूर कुठे पुरणार ते बघायला. निखिल माझा जुना विद्यार्थी. भूगर्भशास्त्र शिकला, एका कंपनीत लागला. त्याचा फोन आला. "मॅडम, तुम्ही खिडकीतून चिमणीकडे बोट दाखवून चिडायच्या ना? आता या बघायला. त्यातला कार्बन डायऑक्साइड आम्ही जमिनीत घालणार आहोत."

योजना ऐकायला सोपी आहे, म्हणून सांगते. कोळसा जाळला की चिमणीतून जे निघतं त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, दाबून दाबून द्रवासारखा करायचा, नळातून लांब न्यायचा आणि जमिनीत खूप खोल, काळ्या पाषाणात सोडायचा. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यातल्या द्रव्यांशी वायूचा संयोग झाला की हळूहळू वायूचाच दगड होतो. आठवीच्या पोरांना चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायला लावून मी जवळपास हेच दाखवत असे. निवळी दुधाळ व्हायची आणि वर्गात टाळ्या पडायच्या. तेव्हा शास्त्र खोटं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून म्हणाल, बाई अडाणी आहे, प्रगतीच्या आड येते.

माझा राग वेगळा होता. धूर धरणार म्हणजे कोळसा थांबणार नाही. उलट धूर धरायच्या यंत्रांनाच वीज लागते, म्हणून थोडा जास्त जळणार. आणि धरणार तो फक्त कार्बन डायऑक्साइड. राख आमची आमच्याकडेच, धूळ आमचीच, नाल्यातलं काळं पाणीही आमचंच. कागदावर चिमणी धुतल्यासारखी, आणि दोरीवरचे कपडे होते तसेच. हे सगळं मी निखिलला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही या तर खरं."

गेले.

इंझोरीच्या पुढे

एसटीच्या प्रवासाबद्दल लिहीत नाही. मे महिन्यात दुपारी ज्याने एसटीच्या खिडकीची सळई धरली आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने धरलेली नाही त्याला सांगून कळणार नाही. पोहरादेवीला अर्धी गाडी रिकामी झाली आणि मला बसायला जागा मिळाली, एवढंच.

मानोऱ्याच्या पुढे जमीन उघडी पडत जाते. आमच्याकडे निदान झाडं दिसतात, धुळीने माखलेली का होईना. इथे वखरून ठेवलेली काळी शेतं, बांधावर एखादी बाभूळ, पळस, आणि मधूनच काळ्या दगडाच्या बुटक्या टेकड्या. एका नाल्याच्या काठाला रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप उभा होता. एसटी शेजारून गेली तरी हलला नाही. हवा मात्र अशी स्वच्छ की मला माझ्याच नाकाचं नवल वाटलं.

इंझोरीच्या फाट्यावर निखिल कंपनीची पांढरी गाडी घेऊन उभा होता. खाली वाकून पाया पडला. पोरगं गुणी आहे, यात वाद नाही. गावाच्या पुढे चढावर वीस-पंचवीस घरांची बौद्ध वस्ती आहे, आणि वस्तीला लागूनच्या वावरात त्याचं यंत्र उभं होतं: लोखंडी मनोरा, डिझेलचं धडधडणारं इंजिन, गढूळ पाण्याचा खड्डा, आणि शेजारी कंपनीचा पाण्याचा टँकर. दगड कापताना पातं गरम होतं, म्हणून सतत पाणी सोडावं लागतं. टँकर रोज येतो, असं निखिल म्हणाला. मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं.

"इथे लॉज नाही, मॅडम. पण वंदना मावशींकडे तुमची सोय केली आहे. आम्ही सगळे तिथेच जेवतो."

वंदनाबाई पन्नाशीच्या, सडसडीत, बोलायला रोखठोक. "जय भीम, या," म्हणाल्या आणि खाट टाकली. मी आले ती घामाने आणि धुळीने चिकट झालेली. दारातल्या रांजणातून तांब्या भरून घेतला, हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. दुसरा तांब्या भरला आणि मानेवर ओतला. थोड्या वेळाने वंदनाबाई डाळ धुवायला बसल्या. डाळ धुतलेलं पाणी त्यांनी ताटं विसळायला घेतलं आणि ताटं विसळलेलं पाणी बकरीपुढे ठेवलं. मी त्या दुसऱ्या तांब्याचा विचार करत खाटेवर बसून राहिले.

वस्तीत नळ नाही. सरकारी टँकर येतो तेव्हा येतो. एरवी टेकडीखाली एका शेतकऱ्याच्या विहिरीवर जायचं, तेही त्याची मोटर चालू व्हायच्या आधी. घाटी उतरून जायची, भरले हंडे घेऊन चढून यायची.

दुपारी यंत्रावरची माणसं जेवायला आली. कामगार झारखंडचे होते, म्हणजे तेही कोळशाच्याच मुलखातले. मांडवाखाली रांगेने बसले. ज्वारीच्या पातळ भाकरी, तुरीचं घट्ट वरण, लसणाचा ठेचा, कांदा. आम्ही चांद्याकडचे, म्हणजे चंद्रपूरकडचे, भातवाले, भाकरी आमच्याकडे पाहुणी म्हणून येते. पण ती भाकर अशी होती की मी तीन खाल्ल्या आणि चौथीला लाजून नको म्हटलं.

"कंपनी याचं काही देते का?" मी सहज विचारलं.

लग्नाच्या पंगतीत बसून ताटाचा भाव विचारावा तसं वंदनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "देते कायचं? बोर ज्याच्या वावरात, जेवाले थ्याच्या घरी. असंच असते इकडे. बोरची गाडी आली का वावरवाल्यानं मानसाईले जेवू घालाचं. मानसं उपाशी ठेवून पानी लागते काय?"

माझा घास हातात राहिला. मी निखिलकडे बघितलं. तो ठेच्याकडे बघत होता.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "ही बाई पाण्याची बोअर समजते आहे."

"सांगितलंय हो मॅडम. ग्रामसभा झाली, पडद्यावर चित्रं दाखवली. पण यांच्यासाठी जमिनीला भोक पाडायचं म्हणजे पाणीच. दुसऱ्या कशासाठी कोणी एवढं खोदेल, हे पटतच नाही."

"मग पटेपर्यंत का नाही सांगितलं?"

"पाणी लागलं तर हातपंप बसवू, असं बोलणं झालं होतं."

"कोणाचं?"

"माझंच," तो म्हणाला. आणि इंजिनाचा आवाज मोठा आहे असं दाखवून पुढे निघून गेला.

आणखी एक गोष्ट मला त्या संध्याकाळी कळली. ते वावर वंदनाबाईंच्या सासऱ्यापासून त्यांच्याच वहितीत आहे, पण कागदावर सरकारची पडीक जमीन. इकडे तिला ई-क्लास म्हणतात. तीन पिढ्या राबल्या तरी सातबाऱ्यावर नाव नाही. म्हणजे कंपनीला यांना विचारायचीही गरज नव्हती. बाई ज्यांना आपल्या वावरातले पाहुणे समजून जेवू घालत होत्या, त्यांच्या लेखी ते वावर बाईंचं नव्हतंच. रागाने माझं डोकं भणभणायला लागलं ते तिथून.

रिसोड

दुसऱ्या दिवशी वंदनाबाई सुनेला भेटायला रिसोडला निघाल्या. निखिलला काम होतं आणि मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं, म्हणून मीही निघाले. मंगरूळपीर, वाशिम करत, जीप बदलत जायचं. शेवटच्या जीपमध्ये मी कांद्याच्या पोत्यावर बसले होते. उतरताना चपलेचा अंगठा पोत्याच्या सुतळीत अडकून तुटला. बाजारपेठेत चांभार जेवायला गेलेला. तीच सुतळी पायाला बांधून मी रिसोडच्या धान्याच्या अडतीसमोरून चालले, आणि हमाल लोक मोठ्या अदबीने बाजूला होत होते. रिसोडचा बाजार मला आवडला. सोयाबीन, तूर, हरभरा, सगळीकडे धान्याचा वास आणि धान्याचीच धूळ. आमच्या धुळीपेक्षा ही बरी, खोकला आला तरी पोट भरल्याचा येतो.

वंदनाबाईंचा मुलगा संदीप याच बाजारात पोती वाहतो. सून पौर्णिमा बाळंतपणाला माहेरी आली ती परत गेलेली नाही. माहेरी अंगणात नळ आहे. रोज येत नाही, पण येतो. आम्ही गेलो तेव्हा ती त्या नळाशी मुलीची दुपटी धूत होती, आणि किती पाणी सांडतंय याकडे तिचं लक्ष नव्हतं. वंदनाबाईंचं होतं.

पौर्णिमाने चहा दिला, मुलगी सासूच्या मांडीवर ठेवली आणि विषय आपणच काढला. "आई, मी काय तुमच्यावर रागावून आली का? पोटुशी असतानी थ्या घाटीवरून हंडे आनले मी. पडली. पोरगी वाचली थे नशीब समजा. आता हिले काखेत घेऊन हंडा आनू का, का हिले घरी ठेवून आनू, थे तुमीच सांगा."

"नोको आनू," वंदनाबाई म्हणाल्या. "आपल्या वावरात बोर चालू हाये. येवढी मोठी मशीन आजवर तालुक्यात आली नसन. लागन पानी."

"लागलं का फोन करा. थ्याच दिवशी येतो."

"लागन व माय. मी काय खोटं बोलून राह्यली?"

त्या बोलत होत्या तेव्हा मुलीने त्यांचं बोट धरलं होतं. निघताना ते सोडवायला त्यांना वेळ लागला. परतीच्या जीपमध्ये त्या मला सांगत होत्या, हातपंप घराच्या कोणत्या अंगाला बसवायचा, सांडपाण्यावर केळी लावायची की अळू, आणि नात चालायला लागली की पंपाच्या दांड्याला लोंबकळेल म्हणून तो जरा उंचावर घ्यायला सांगायचा. मी हो हो म्हणत होते. वाशिमपर्यंत त्यांनी केळी कायम केली होती.

दगडांच्या पेट्या

तिसऱ्या दिवशी सकाळी निखिलने मला हौसेने पेट्या दाखवल्या. जमिनीतून काढलेला दगड लांब दंडगोलासारखा निघतो. तो तुकड्या-तुकड्यांनी पेट्यांत लावून ठेवतात, वरचा वर, खालचा खाली. काळा घट्ट पाषाण, मग भोकाभोकांचा, भोकांत पांढरे स्फटिक, मध्येच विटेसारखा लाल थर, पुन्हा काळा. खरं सांगते, मी रागावलेली होते तरी हरखून गेले. जन्मभर फळ्यावर चित्र काढून जे शिकवलं ते पायाशी मांडून ठेवलं होतं. निखिलही पूर्वीसारखा उत्साहाने बोलत होता. एका पेटीपाशी वाकून त्याने भेगाळलेल्या दगडावर बोट ठेवलं.

"हा बघा मॅडम, इथे पाणी लागलं. चांगलंच होतं. म्हणून इथपर्यंत लोखंडी नळ घालून बाहेरून सिमेंट भरून टाकलं."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण कोणाशी काय बोललो.

"कधी लागलं?"

"मॅडम, तो नियमच आहे. वरचं पाणी बंद करावंच लागतं. उद्या खाली वायू सोडला आणि तो वर चढला तर पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून."

"कधी लागलं, निखिल?"

"पहिल्या आठवड्यात."

यंत्र येऊन महिना होऊन गेला होता. पाण्याच्या बोअरला पाणी लागलं की फवारा उडतो, सगळ्या गावाला दिसतं. या यंत्रात आधीच गढूळ पाणी फिरत असतं, लागलेलं कोणाला कळत नाही. महिनाभर ही बाई घाटीखालून पाणी आणून त्या पाण्यात पीठ मळत होती, आणि ज्यांना वाढत होती त्यांनी तिच्याच दारातलं पाणी सिमेंटने बुजवलं होतं.

"मग शेजारी दुसरं भोक पाडा. यंत्र इथेच आहे."

"ते आमच्या कामात बसत नाही. आणि..." तो थांबला. "जवळ दुसरी बोअर झाली तर चाचणी बिघडते. म्हणून आसपास कोणी बोअर घेऊ नये, अशी मागणी कंपनीने वर केली आहे."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. वर्गात एवढी कधी ओरडले नव्हते. झारखंडची माणसं काम थांबवून बघत राहिली. निखिल एवढंच म्हणाला, "उद्या दिल्लीहून साहेब येणार आहेत. ते येऊन जाईपर्यंत गावात बोलू नका असं वरून सांगितलंय. माझी नोकरी आहे, मॅडम."

"तुझी आहे," मी म्हटलं, "माझी नाही."

आणि तडक वंदनाबाईंकडे गेले. त्या परातीत पीठ मळत होत्या. मी सगळं सांगितलं: कोळशाचं, चिमणीचं, वायूचं, दगडाचं, आणि सिमेंटचं. कुठे फार घाईने सांगितलं असेन.

"म्हंजे हे मशीन पान्यासाठी आलीच नाई?"

"नाही."

"अन् तरी पानी लागलं."

"लागलं."

"अन् थ्याच दिवशी हे लोकं इथं बसून जेवले? म्या आनलेलं पानी पेले?"

मी मान डोलावली. वाटलं, आता परात भिरकावतील. मला तेच हवं होतं, असंही म्हणा. त्यांनी मळलेलं पीठ पूर्ण मळून घेतलं, वाया जाऊ नये म्हणून. सगळ्या भाकरी थापल्या, त्या दिवशीही माणसांना जेवू घातलं. निखिल आला नाही. मग हात धुऊन त्या मला म्हणाल्या, "उद्या साहेब येनार हाये ना? थ्याले जेवाले इथंच आना. निखिलबाबूले सांगा, वंदनाबाईनं आवतन देलं."

साहेबांचं जेवण

साहेब चांगले होते. मी हे उपरोधाने म्हणत नाही. मोठे साहेब आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघं, तिघंही हसतमुख, उन्हात टोप्या घालून पेट्यांपुढे बराच वेळ उभे राहिले, विचारायचं ते नेमकं विचारलं. मोठे साहेब मला म्हणाले की कोळसा एका दिवसात सोडता येत नाही, देशाला वीज लागते, मग निदान धूर तरी नको सोडायला? हिंदीत बोलत होते, समजावणीच्या सुरात. मी विचारलं, या वस्तीत काल दिवसभर वीज नव्हती, ती कोणाला लागली? ते हसले आणि म्हणाले, पॉइंट आहे. असं म्हणणाऱ्या माणसांशी भांडता येत नाही, आणि तेच फार संतापजनक असतं.

जेवायला मांडवाखाली आलो. वंदनाबाईंनी धुवट साडी नेसली होती. वस्तीतल्या बाया दारादारांत उभ्या होत्या. सतरंजी, त्यावर स्टीलची ताटं, प्रत्येक ताटावर दुसरं ताट झाकलेलं. पेले पालथे. साहेब मांडी घालून बसले. वंदनाबाईंनी पुढे येऊन एकेका ताटावरचं झाकण काढलं.

ताटात ज्वारीचं कोरडं पीठ होतं. बाजूला मूठभर तुरीची डाळ, कच्ची. मीठ, सुकी मिरची, न सोललेला कांदा.

"घ्या साहेब," त्या म्हणाल्या. "पीठ माहं, डाळ माही. पानी तुमच्यापाशी हाये. घाला अन् जेवा."

मोठ्या साहेबांनी निखिलकडे बघितलं. "क्या कह रही हैं?"

निखिलचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्याने ओठ ओले केले आणि म्हणाला, "सर, इधर की रीत है. पहले अनाज दिखाते हैं मेहमान को. फिर बनाते हैं."

साहेब खूश झाले. "वंडरफुल!" म्हणाले, ताट दोन्ही हातांनी उचललं, आणि बरोबरच्या माणसाने फोटो काढला. मग दुसऱ्या बाजूने काढला. वंदनाबाईंनाही त्यांनी शेजारी उभं राहायला सांगितलं.

हिंदी न कळणारं त्या वस्तीत कोणी नाही. निखिल काय बोलला ते प्रत्येक बाईला कळलं. वंदनाबाई जागच्या हलल्या नाहीत. "फोटो झाला असन तं जेवा आता," म्हणाल्या.

मग मी उठले. निखिलचं खोटं खोटं आहे असं सरळ म्हटलं आणि सगळं खरं सांगितलं: हातपंपाचं आश्वासन, पहिल्या आठवड्यात लागलेलं पाणी, सिमेंट, महिनाभराच्या भाकरी. हिंदी माझी काही फार चांगली नाही, रागात तर अजिबातच नाही, पण त्या दिवशी कुठे अडली नाही. साहेबांनी ताट हळूच खाली ठेवलं. ते बिचकले नाहीत, हे कबूल करायला हवं. वंदनाबाईंकडे वळून समजावून सांगितलं की सिमेंट भरलं ते त्यांच्याच भल्यासाठी, त्यांचं पाणी सुरक्षित राहावं म्हणून. जगात सगळीकडे असंच करतात.

"आमचं पानी वाचवाले?" वंदनाबाईंनी विचारलं.

"हां, हां. बिलकुल."

"कोनापासून? वायू तुमचा, सोडनार तुमी. आमच्यापासून काहून वाचवून राह्यले?" आणि निखिलकडे वळून म्हणाल्या, "हे सांग त्याईले. बरोब्बर सांग."

निखिल उभा राहिला. खाली बघतच त्याने ते हिंदीत सांगितलं, एकही शब्द न गाळता. साहेबांनी मान डोलावली, "नोट कर लेते हैं," म्हणाले, आणि घड्याळ बघितलं. त्यांना नागपूरला विमान गाठायचं होतं. गाडीत बिस्किटं होती बहुतेक. ताटांतलं पीठ बायांनी पुन्हा डब्यात भरलं, कारण ते खायचं पीठ होतं.

मी दुसऱ्या दिवशी परत आले. निखिल फाट्यापर्यंत सोडायला आला आणि पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. त्याने योग्य वेळी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित त्याची नोकरी गेली असती आणि दुसऱ्या कोणी सिमेंट भरलं असतं. पण हातपंपाचं वचन त्याने दिलं होतं. पुढे त्याचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत, आणि उचलणार नाही.

वंदनाबाईंचा परवा फोन आला. पाऊस बरा आहे, सोयाबीन उगवलं. यंत्र गेलं, वावरात झाकण लावलेला लोखंडी नळ तेवढा उभा आहे. त्याच्या भोवतीने तण काढायचा डवरा फिरवावा लागतो. पौर्णिमा आलेली नाही. नात रांगायला लागली आहे, हे संदीपने सांगितलं.

"कंपनीचे लोकं पुन्हा आले होते," त्या म्हणाल्या. "नाल्याच्या पल्याड दुसरी बोर पाहाले."

"मग? जेवायला आले?"

"नाई ना. बोलावलं म्या, तरी नाई आले. डबे घेऊन आले होते घरून. अन् पान्याच्या बाटल्याबी."